भरली गाडी आणि आबांचा पाय

आबांचा उजवा पाय कामातून गेला, असा निकाल आमच्या घरात एका सकाळी चहा पिता पिता लागला. आबा म्हणजे माझे सासरे. पाय त्यांचा, कपही त्यांच्याच हातात, आणि त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. निकाल देणारा माझा नवरा. तो एमआयडीसीत कामाला आहे. तिथं मशीन बंद पडलं की कुठला पार्ट गेला ते सांगायचं, पार्ट बदलायचा आणि पुढं जायचं. तीच सवय त्यानं घरी आणली.

झालं होतं ते असं. आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला, उताराला धरून वसलेलं. शेत वर, घर मधे, दूध डेअरी खाली. ऊसतोड सुरू झाली की आबा म्हशींसाठी वाडं आणतात. वाडं म्हणजे तोडलेल्या उसाचे वरचे हिरवे शेंडे. ते भरायचं आमच्या जीपमध्ये. जीप जुनी, फोर बाय फोर, मागं उघडा हौदा. शेताची वाट अशी की ट्रॅक्टरवालासुद्धा आधी देवाचं नाव घेतो, आणि ही जीप तिथून रोज खालीवर करायची. त्या दिवशी या हंगामातली पहिलीच भरली खेप. वाड्यानं भरलेली जीप उतारावरून आली आणि घरापाशी थांबायची ती थांबलीच नाही. आबा गिअर पाडत, हॉर्न वाजवत तसेच खाली गेले. डेअरीच्या कट्ट्यापुढं ओळीनं ठेवलेल्या दुधाच्या किटल्या उडाल्या आणि गाडी कट्ट्याला टेकली. किटल्यांचे मालक पलीकडं टपरीवर चहा पीत होते म्हणून बरं. एखादा जरी ओळीत उभा असता तर... नको तो विचार. 

"पाय पार खालपतोर दाबलाता," आबा सगळ्यांना सांगत होते. "गाडीच थांबली न्हाय."

लोक "व्हय व्हय" म्हणाले आणि त्यांनी एकमेकांकडं बघून घेतलं. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस आणि वीसेक वर्षांची जीप, यात दोष कुणाला द्यायचा हे गावानं तिथंच ठरवून टाकलं.

नवऱ्यावर मी पुढं राग काढणारच आहे, तरी खरं ते सांगते: त्यानं गाडी तपासली. वाडं उतरवलं, जीप सपाट रस्त्यावर नेली, चांगली पळवून ब्रेक मारला. थांबली. पुन्हा मारला, पुन्हा थांबली. मग नाक्यावरच्या मेस्त्रींकडं दिली. मेस्त्री आमचे नेहमीचे, या जीपचा नट न् नट ओळखणारे. त्यांनी गाडी ठेवून घेतली, मागच्या चाकांचे ब्रेकचे ड्रम खोलले, सगळं धुतलं पुसलं आणि सांगितलं की गाडीत काही दोष नाही. म्हणजे राहिला कोण? आबांचा पाय.

किल्ली नवऱ्याच्या खिशात गेली. एवढ्यावर थांबलं असतं तर मीही गप्प बसले असते कदाचित. पण त्यानं जीपला गिऱ्हाईकही बघितलं. आजऱ्याकडचे कुणी पावणं होते, त्यांना काजूच्या बागेत फिरवायला अशीच गाडी हवी होती. अमावस्या झाली की येतो म्हणाले. घरात गाडी उभी राहिली तर आबा ती काढल्याशिवाय राहणार नाहीत, म्हणून गाडीच नको, असा नवऱ्याचा हिशेब. बापाच्या जिवाची काळजी होती त्याला, हे मला कळत होतं. तरी राग येतच होता.

मला गाडी आबांनीच शिकवली. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. "म्हस आडली आन् मी घरात नसलो तर डाक्टरला कोण आणणार? चल, बस," म्हणून त्यांनी मला शेजारणींच्या देखत जीपमध्ये बसवलं. शिकवायची पद्धत म्हणजे ओरडणं. "क्लच हाय त्यो, घुंगरू न्हवं! नाचवू नगंस!" मी पण काही ऐकून घेणारी नव्हते. एकदा भर रस्त्यात गाडी बंद करून उतरले आणि चालत घरी आले. आबा मागून गाडी घेऊन आले आणि सासूबाईंना म्हणाले, "हिला जमंल. राग हाय पोरीला." त्यानंतर मला कधी भीती वाटली नाही.

तर त्या आबांनी आधी चार-सहा दिवस भांडण केलं. दिसेल त्याला धरून सांगायचे की पाय दाबला होता. मग हळूहळू सांगायचं थांबले. आणि मग एक दिवस मी बघितलं की ते उजवा पाय ओढत चालतायत. आधी ओढत नव्हते. घटना घडली त्या दिवशीही नव्हते. शेतात जायचं बंद केलं. गोठ्यापर्यंत यायचे आणि गव्हाणीच्या कडेला बसून राहायचे.

असंच एकदा मी धार काढून उठले तर आबा म्हणाले, "पोरी, हितं ये. हात धर की जरा."

त्यांनी पाय पुढं केला आणि तळवा माझ्या दोन्ही हातांवर टेकवला. "आता मी दाबतो. जोर लागतोय का बघ."

मी पुन्हा स्टुलावर बसले होते. त्यांनी दाबलं आणि मी स्टुलासकट मागं घसरले, पाठ जाऊन म्हशीच्या पोटाला लागली. म्हैस दचकली, दुधाची बादली जाता जाता राहिली. मला हसू आवरेना.

"आबा, अहो केवढा जोर हाय!"

ते हसले नाहीत. "तुला ढकलायला काय लागतंय," म्हणाले, आणि पाय मागं घेतला.

मला त्या क्षणी जे वाटलं ते सरळ सांगते. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त डोक्यात किडा वळवळायला लागला. या पायानं दाबलेला ब्रेक लागत नाही म्हणजे काय? माझे हात दुखत होते अजून. मग तो जोर गेला कुठं? पायातून निघालेला जोर चाकापर्यंत पोचायच्या आत वाटेत कुठंतरी हरवत असला पाहिजे. कुठं, ते मला बघायचंच होतं. मला असं काही डोक्यात शिरलं की भाकरी गोड लागत नाही. सासूबाई याला "हिची खोड" म्हणतात.

माझं काम सांगायचं राहिलं. मी हमरस्त्यावरच्या वजनकाट्यावर बसते. ट्रक, ट्रॅक्टर, टेम्पो काट्याच्या मोठ्या लोखंडी पाट्यावर येऊन उभे राहतात आणि माझ्या केबिनमध्ये वजनाचा आकडा दिसतो. दिवसभर तेच ते, मग मी माझ्यापुरता एक खेळ काढलाय. आकडा यायच्या आधी वजन ओळखायचं. ते कसं? गाडी मागं किती बसलीय ते बघायचं. भरलेली गाडी दबते, चाक आणि वरचा पत्रा यांच्यातलं अंतर कमी होतं. ते अंतर बघून मी वजन सांगते आणि बहुतेक वेळा जवळपास जाते. चहावाला माझ्याशी पैज लावायचा, आता लावत नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी नवऱ्याकडं किल्ली मागितली. म्हशींची पेंड आणायचीय म्हटलं. पेंड आणायची होतीच, खोटं नव्हतं. दुपारी सुटले आणि जीप थेट मेस्त्रींच्या दारात लावली.

"मेस्त्री, तुम्ही काय काय बघितलंत ते मला सांगा."

"वहिनी, सांगितलं की मालकास्नी."

"मला सांगा."

मेस्त्रींनी हात पुसले. "हे बघा. ब्रेक ऑइल बदललं, नळीतली एअर काढली. मागचे दोन्ही ड्रम खोलले. आत चाकाला धरणारे लायनर जाड हाईत, कोरडे हाईत, कुठं ऑइल गळत न्हाय. गाडी जॅकवर घेतली, मालकांनी ब्रेक दाबला, मी चाक फिरवून बघितलं. हललं न्हाय. मग चालवून बघितली, पार पुलापतोर. जाग्यावर थांबती."

"भरून?"

"काय भरून?"

"गाडी भरून चालवली का? वाडं घालून?"

मेस्त्री माझ्याकडं बघतच राहिले. "भरल्याली गाडी गॅरेजला कोण आणतंय वहिनी?"

खरंच की! कोण आणतं? गाडी गॅरेजला न्यायची म्हणजे आधी ती रिकामी करायची, झाडून पुसून द्यायची. नवऱ्यानं सपाटावर तपासली तीही वाडं उतरवूनच. आणि आबा थांबले नाहीत तेव्हा हौदा शिगोशीग भरलेला. सगळ्यांनी रिकामी गाडी तपासली होती आणि दोष भरलेल्या गाडीवरच्या पायाला दिला होता.

"चला," म्हटलं. "आत्ता भरू आणि बघू."

मेस्त्रींचंही कुतूहल चाळवलं होतं, नाहीतर ते कामं टाकून येणारे नव्हेत. आम्ही वर शेतात गेलो. तिथं तोडणी चालू होती, टोळीतल्या बायकांनी हसत हसत हौदा भरून दिला. शेताकडून एक उतार आमच्याच नांगरलेल्या रानात उतरतो. तो निवडला, म्हणजे गाडी नाही थांबली तर ढेकळांत जाऊन रुतेल, कुणाच्या किटल्यांत नाही. मी चालवायला, मेस्त्री शेजारी, वरचा दांडा घट्ट धरून.

उतारावर मधोमध आल्यावर मी ब्रेक दाबला. पाय घट्ट लागला, पेडल दगडासारखं कडक. जीपनं नाक खाली घातलं, पुढची चाकं करकरली, आणि मागून कुणी ढकलतंय तशी गाडी पुढं जातच राहिली. मी आणखी दाबला. सीटवरून उठून दाबला. काही फरक नाही. उतार संपला, गाडी नांगरटीत घुसली आणि दोन हेलकावे खाऊन थांबली. वाड्याची एक पेंढी सुटून माझ्या डोक्यावर आली.

"आयला!" मेस्त्री म्हणाले. मग मी बाईमाणूस शेजारी आहे हे आठवून, "म्हंजे, लई वंगाळ की हे."

पाय माझा होता. चाळिशीतला, दोन्ही वेळ भाकरी खाणारा पाय. मेस्त्री म्हणाले आता मी चालवतो. त्यांचा पाय माझ्यापेक्षा दणकट. ते पण जाऊन त्याच ढेकळांत रुतले. उतरले ते डोकं खाजवतच उतरले.

आबांचा पाय निर्दोष आहे हे तिथंच सिद्ध झालं होतं. मी घरी जाऊन तेवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मग नवरा म्हणाला असता, बघ, गाडीच खराब आहे, विकू. आणि मला तर आता गाडीतली ती चोरवाट सापडल्याशिवाय झोप येणार नव्हती.

मी पुढच्या चाकांजवळ वाकले तर गरम वाफ तोंडावर आली. बाटलीतलं पाणी शिंपडलं, तव्यावर पडल्यासारखं चर्र वाजलं. मागच्या चाकांवर शिंपडलं तर नुसता ओघळ खाली आला. हात लावून बघितला, ड्रम कोमट.

"मागचे ब्रेक कामच करत नाहीत मेस्त्री."

"असं कसं वहिनी? मी सोता खोलून बघितल्यात."

मग आम्ही गाडी पुन्हा उतारावर नेली आणि उभी करून हँडब्रेक ओढला. मेस्त्रींनी गाडी न्यूट्रल केली. जीप जागची हलली नाही, एवढा भार असून. हँडब्रेक धरतो ती मागचीच चाकं, आतले लायनरही तेच. फरक एवढाच की हँडब्रेक तारेनं ओढला जातो आणि पायाचा ब्रेक तेलाच्या दाबानं. म्हणजे ड्रम चांगले, लायनर चांगले. तारेनं ओढलं की धरतात. पायानं दाबलं तर दाब मागंपर्यंत येतच नाही, किंवा येतो तो अर्धामुर्धा. जॅकवर हातानं फिरवायच्या चाकाला तेवढा दाब पुरला होता. भरल्या गाडीला कुठला पुरतो?

मेस्त्री गाडीखाली गेले. मीही साडी खोचून गेले. हो, गेले. शेतात कोण बघतंय, आणि बघितलं तर बघू दे. मेस्त्री ब्रेकची नळी हातानं चाचपत पुढून मागं निघाले. मधे कुठं चेपलीय का, वाकलीय का. नव्हती. मागच्या चाकांच्या जवळ ती नळी एका छोट्या ठोकळ्यात शिरत होती आणि पलीकडून निघून चाकांकडं जात होती. ठोकळ्याला एक बारीक दांडी, तिचं दुसरं टोक खाली दोन चाकं जोडणाऱ्या एक्सलला बसवलेलं.

"हे काय?"

"त्यो व्हॉल्व हाय. त्याचं काय न्हाय."

"आणि ही दांडी?"

"ती वजनाची."

"वजनाची म्हणजे?"

"गाडीत वजन किती हाय ते बघती. गाडी रिकामी असली की मागं ब्रेक कमी सोडायचा, न्हाईतर मागची चाकं घसरून गाडी फिरती. भरली की जास्त सोडायचा."

मी तिथं मातीत आडवी पडलेली, नाकात वाड्याचा कचरा, आणि मला एवढा आनंद झाला की काय सांगू. माझ्यासारखं वजन करणारं आणखी कुणीतरी इथं गाडीच्या पोटात बसलं होतं आणि मला वीस वर्षं पत्ता नव्हता!

"पण तिला वजन कळतं कसं? तिच्याजवळ काटा कुठं आहे?"

"काटा कशाला? गाडी भरली की खाली बसती. बसली की ही दांडी वर ढकलली जाती. दांडी वर गेली की व्हॉल्व उघडला."

गाडी बसते. मी खालून वर बघितलं. हौद्यावर वाडं शिगोशीग, आणि चाकाच्या वर पत्र्यापर्यंत माझा अख्खा हात मावेल एवढी जागा. आमची गाडी बसलीच नव्हती.

आता हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडं भरलेली गाडी मागं बसणं म्हणजे लाज. "काय पावणं, गाडी दमली वाटतं" असं कुणी म्हणालं की मालक घरी जाऊन जेवत नाही. मग तो जातो कमानपाट्यावाल्याकडं. चाकांच्या वर ज्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या असतात, कमानपाटे, त्यांत आणखी एक पाटा वाढवून घेतो. गाडी मागून उचलली जाते. कितीही भरा, बसत नाही. लोक म्हणतात, नाद खुळा! माझ्या काट्यावर येणाऱ्या निम्म्या गाड्या अशा. माझा खेळ चुकतो तो याच गाड्यांना. दिसायला रिकामी आणि आकडा येतो छाती दडपणारा.

म्हणजे ही दांडीही फसली होती. गाडी बसत नाही, म्हणून तिच्या लेखी गाडी कायम रिकामी. आबांनी भरल्या गाडीत कितीही जीव खाऊन पाय दाबला तरी ती म्हणत होती, रिकामी आहे, मागं थोडाच सोडते.

"मेस्त्री," मी म्हटलं, "आमच्या गाडीला पाटा वाढवलाय. दसऱ्याच्या आधी."

मेस्त्री गाडीखाली झोपल्या झोपल्या कपाळावर हात मारायला गेले आणि तो लोखंडाला लागला. "आरं तिच्या! ते ध्यानातच न्हाय आलं की."

पुढचं काम सोपं होतं. गाडी जेवढी वर गेली तेवढंच दांडीचं खालचं टोकही वर घ्यायचं. मेस्त्रींनी गॅरेजमध्ये एक जाड पट्टी कापली, भोकं पाडली आणि दांडी चार बोटं वर बसवली. पुन्हा त्याच उतारावर, तेवढंच वाडं. या वेळी मी पाय ठेवला आणि गाडी चारी पायांनी बसल्यासारखी जागच्या जागी थांबली. मेस्त्री काचेवर आपटता आपटता राहिले. मागच्या ड्रमवर पाणी शिंपडलं, चर्र. तो आवाज ऐकून आम्ही दोघं शहाणी माणसं टाळ्या वाजवायला लागलो. टोळीतल्या बायकांना वाटलं, उन्हानं डोकं फिरलं यांचं.

मी वाऱ्यासारखी घरी आले. नवरा नुकताच कामावरून आला होता, आबा गव्हाणीजवळ. मी सगळं एका दमात सांगितलं. नवऱ्यानं तीनदा प्रश्न विचारले, मग उठून गाडीखाली बॅटरी मारून स्वतः बघून आला. 

आबा म्हणाले, "चांगलं झालं. गिऱ्हाईकाला सांगा, ब्रेकचं काम नवीन केलंय म्हणून."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आबा, ऐकलंत का? पाय चांगलाय तुमचा! माझ्या पायानं पण थांबत नव्हती!"

"ऐकलं की. पर आता कशाला? झालं तेवढं बास. आज ब्रेक हुता, उद्या पाय आसंल."

आणि पाय ओढत आत जायला निघाले. मग माझा तोल गेला. सासऱ्यांशी असं बोलतात का, बोलत नाहीत, पण बोलले. "ओढू नका तो पाय! काय झालं नाही त्याला! सगळा गाव म्हणाला म्हणून तुम्ही पण? आणि या सगळ्याला कारण कोण ते तरी विचारा. गाडीला पाटा कुणी वाढवला?"

आबा थांबले. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मी आबांकडं.

"पाटा?" आबा म्हणाले.

"पाटा. दसऱ्याच्या आधी. गाडी बसत नाही आता, म्हणून त्या दांडीला वाटतं रिकामी आहे. म्हणून ब्रेक लागत नव्हता. कुणी वाढवला पाटा?"

आबांनी गाडीकडं बघितलं. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "मीच की," म्हणाले. "कारखान्याच्या खताच्या रांगंत एकजण म्हणाला, आबा, गाडी म्हातारी झाली तुमची, बूड टेकाय लागली. मला आसला राग आला! तिकडनंच गेलो तडक पाट्यावाल्याकडं." आणि हसायला लागले. हसता हसता गव्हाणीच्या कडेवर बसले. "म्हंजे पाय शाबूत हाय. डोकंच गेलतं माझं!"

इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा हसले होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

नवऱ्यानं खिशातून किल्ली काढून त्यांच्यापुढं धरली. आबांनी लगेच घेतली नाही. "वाडं हाय का गाडीत?" त्यांनी मला विचारलं.

"आहे. भरलेली आहे."

"मग चल," ते नवऱ्याला म्हणाले. "तू शेजारी बस. वरनं घिऊन येऊ."

गाडी वर गेली, वळली आणि उतारावरून खाली यायला लागली. मी दारात उभी. खाली डेअरीवर संध्याकाळच्या दुधाची वेळ, किटल्यांची ओळ लागलेली आणि या वेळी माणसंही ओळीत. गाडी बघून ती भराभर बाजूला झाली. मला ब्रेक माहीत होता, तरी माझा जीव टांगणीला. जीप आली, नाक थोडं खाली गेलं, मागची बाजू जमिनीला धरून बसली आणि घरासमोर, बरोबर उंबऱ्यासमोर, थांबली. घसरली नाही, करकरली नाही.

आबांनी इंजिन बंद केलं. कुणी उतरेना.

"आबा, चुकलं माझं," नवरा म्हणाला. त्याला असं बोलायची सवय नाही.

"तुझ्यावर न्हाय राग," आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तू म्हणालास पाय गेला, आन् मीबी मानलं की रं. चांगला पाय आसून ओढत चाललो मी. मला ठावं हुतं मी दाबलाता, तरीबी मानलं. त्येचा राग हाय." त्यांनी हातानं तोंड पुसलं आणि खाली उतरले. "हितनं फुडं काय बी झालं, तर आधी गाडीखाली जायाचं. मग माझ्याकडं यायचं."

माझी खोड काही जात नाही. मी विचारलंच, "आणि आबा, गाडीत काहीच सापडलं नाही तर?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. रागावतील वाटलं, पण नाही रागावले. किल्ली त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली.

"तर मी सोता आणून दीन किल्ली, तुझ्या हातात," ते म्हणाले. "तवर कुणी मागायची न्हाय."